नोंदीत ‘पूर्ण’, प्रत्यक्षात अर्धवट : नागिणीच्या लसीचे एक प्रकरण

बाईंचे वय ७७. अमेरिकेतल्या एका मध्यम आकाराच्या दवाखान्यात त्या कित्येक वर्षे येतात. पासष्टी ओलांडल्यापासून मेडिकेअरवर, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्यावर, आहेत. २०२४ मधल्या वार्षिक तपासणीला त्यांची संगणकीय आरोग्य-नोंद उघडली, तेव्हा प्रतिबंधक उपायांच्या यादीत ‘नागीण लस’ या ओळीपुढे हिरवी खूण होती आणि शेरा होता ‘पूर्ण’. प्रत्यक्षात त्यांचे लसीकरण निम्मेच झाले होते. नोंदीत कोणी खोटे लिहिले नव्हते. ज्याने जे टिपले ते त्याच्या परीने बरोबरच होते, पण सगळ्याची बेरीज चुकत होती.

बाई आणि दवाखाना रचलेले आहेत. अशा नोंदींत नेहमी आढळणारे दोष इथे एका माणसाभोवती गोळा केले आहेत. लसी, तारखा, नियम आणि संकेतांक मात्र खरे आहेत.

आजाराबद्दल थोडक्यात. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी त्यांचा विषाणू शरीर सोडत नाही. मज्जातंतूंच्या मुळाशी असलेल्या गाठींत तो दबा धरून बसतो आणि वय वाढले, प्रतिकारशक्ती ढिली पडली की एखाद्या मज्जातंतूच्या वाटेने त्वचेवर येतो. अमेरिकेत दरवर्षी सुमारे १० लाख लोकांना नागीण होते, आणि दर तिघांतल्या एकाला आयुष्यात कधी ना कधी ती गाठते. पुरळ काही आठवड्यांत वाळते. खरी धास्ती नंतर उरणाऱ्या वेदनेची. १० ते १८ टक्के रुग्णांना ती महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे छळते, आणि वय जितके जास्त तितका धोका जास्त. विषाणूरोधक गोळ्या पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू व्हाव्यात असे सांगतात, पण एवढ्या वेळात म्हातारा माणूस डॉक्टरांपुढे बसलेला असेलच याची खात्री नसते. म्हणून लस महत्त्वाची.

लस एक नाही, दोन होत्या, आणि या प्रकरणाचा सगळा गुंता तिथून सुरू होतो. झोस्टाव्हॅक्स ही जिवंत, क्षीण केलेल्या विषाणूची लस २००६ मध्ये आली. साठीपुढच्या ३८ हजारांहून अधिक लोकांवरच्या चाचणीत तिने नागिणीचे प्रमाण ५१ टक्क्यांनी कमी केले होते. २००८ मध्ये अमेरिकेच्या लसीकरण सल्लागार समितीने साठीनंतर एकच डोस अशी शिफारस केली. पुढे २० ऑक्टोबर २०१७ रोजी शिंग्रिक्सला परवानगी मिळाली. हिच्यात जिवंत विषाणू नाही, विषाणूचे एक प्रथिन आणि प्रतिकारशक्तीला डिवचणारा सहायक घटक आहे. पन्नाशीनंतर दोन डोस, मध्ये २ ते ६ महिने. चाचण्यांत पन्नाशीपुढच्यांत परिणामकारकता ९७ टक्के, सत्तरीपुढच्यांतही ९१ टक्के. शिफारशीत आणखी एक वाक्य होते : आधी झोस्टाव्हॅक्स घेतली असली तरी शिंग्रिक्सचे दोन्ही डोस घ्यावेत. नोव्हेंबर २०२० मध्ये जुनी लस अमेरिकेच्या बाजारातून गेली. औषध बाजारातून जाते, पण तिच्यासाठी लिहिलेला नियम संगणकात तसाच राहतो.

तीन नोंदी, तीन अर्थ

बाईंच्या लसीकरणाचे पुरावे तीन ठिकाणी होते.

पहिला २०१० चा. तेव्हा त्या ६३ वर्षांच्या, विमा नोकरीतला. याच दवाखान्यात झोस्टाव्हॅक्सचा डोस मिळाला आणि नोंद झाली संकेतांक १२१ ने. अमेरिकेत प्रत्येक लसीला सीव्हीएक्स यादीतला एक क्रमांक असतो. १२१ म्हणजे जिवंत नागीण लस, १८७ म्हणजे शिंग्रिक्स. आणखी एक क्रमांक आहे, १८८ : नागीण लस, प्रकार अनिर्दिष्ट. या १८८ कडे लक्ष ठेवा.

दुसरी नोंद २०१९ ची, १८८ चीच. त्या वर्षीच्या तपासणीत नर्सने विचारले, नागिणीची लस झाली का? बाई म्हणाल्या, हो, फार्मसीत घेतली. कोणती, कधी, ते आठवेना. नर्सने १८८ निवडला. तारखेचा रकाना रिकामा सोडता येत नव्हता, म्हणून तिथे त्या दिवसाचीच तारीख पडली.

तिसरा पुरावा दवाखान्यात नव्हताच. तो राज्याच्या लसीकरण नोंदवहीत होता : ऑगस्ट २०१८, संकेतांक १८७, देणारी संस्था म्हणून एका औषध दुकानाचे नाव, लॉट क्रमांकासह (लसीच्या उत्पादनाच्या खेपेचा क्रमांक). शिंग्रिक्सचा पहिला डोस. दुसरा कुठेच नाही.

मग हिरवी खूण कशाच्या जोरावर? संगणकात २००८ नंतर बसवलेला एक नियम होता : वय ६० पूर्ण आणि नागीण लसीची कोणतीही एक नोंद, की शेरा ‘पूर्ण’. लिहिला तेव्हा तो अगदी बरोबर होता. २०१७ नंतर नव्या लसीचा संकेतांक यादीत आला, नियमाला मात्र कोणी हात लावला नाही. २०१० च्या एका टोचणीवर बाई कायमच्या सुरक्षित ठरल्या. त्यामुळे त्यांना पत्र गेले नाही, फोन गेला नाही, तपासणीत विषयही निघाला नाही. इशारा न आल्याची तक्रार कोण करणार? ज्याला इशारा मिळायला हवा होता, त्याला तो यायचा होता हेच ठाऊक नसते.

पहिली दुरुस्ती आणि तिचा दगा

दवाखान्याच्या माहिती-तंत्रज्ञान गटाने नियम सुधारला. आता १२१ मोजायचा नाही, १८७ किंवा १८८ चे दोन डोस हवेत. दिसायला ठीक. मग राज्याच्या नोंदवहीतून २०१८ चा डोस ओढून घेतला आणि बाईंच्या नोंदीपुढे पुन्हा हिरवी खूण उमटली. २०१८ चा १८७ आणि २०१९ चा १८८, झाले दोन. अंतरही दोन महिन्यांहून जास्त. एकाच टोचणीची एक खरी नोंद आणि एक आठवण, दोघींची बेरीज होऊन लसीकरण ‘पूर्ण’ झाले. आधीची चूक निदान जुनी दिसत होती. ही तर ताज्या, सुधारलेल्या नियमाचा शिक्का घेऊन आली.

१८८ चे काय करायचे, हा या प्रकरणातला सगळ्यात रंजक प्रश्न, आणि तो फक्त तारखांवर सुटत नाही. २० ऑक्टोबर २०१७ च्या आधीचा १८८ असेल तर ती जुनीच लस, कारण नवी बाजारात नव्हती. नोव्हेंबर २०२० नंतर टोचलेली असेल तर नवी, कारण जुनी उरली नव्हती. मधल्या तीन वर्षांत दोन्ही मिळत होत्या, तिथे तारीख काहीच सांगत नाही. शिवाय बाईंच्या बाबतीत दिसले तसे, १८८ ची तारीख टोचल्याची नसून सांगितल्याची असू शकते. मग ‘२०२० नंतरची म्हणजे नवी’ हे अनुमानही डळमळते.

माझे मत कडक आहे : १८८ ला मोजणीत स्थान देऊ नये. सल्लागार समितीची सर्वसाधारण मार्गदर्शक तत्त्वेही तिकडेच बोट दाखवतात. लस झाल्याचा तारखेसह लेखी पुरावा असेल तरच ती धरावी. रुग्णाच्या तोंडी सांगण्यावर विसंबण्याची सवलत फ्लू आणि न्यूमोकोकस या न्यूमोनियाच्या जंतूवरच्या पॉलिसॅकराइड प्रकारच्या लसीपुरती आहे. लेखी नोंद सापडलीच नाही, तर लस झालेली नाही असे समजून पुढे जावे. पण १८८ पुसूनही टाकू नये. ती नोंद म्हणजे माग काढण्याचा धागा आहे. माणूस ‘घेतली’ म्हणतो तेव्हा बहुतेकदा त्याने काहीतरी घेतलेले असते. कुठे घेतली, ते शोधायचे.

जाता जाता एक सल्ला. असे नियम प्रत्येक दवाखान्याने हाताने लिहू नयेत. रोगनियंत्रण केंद्र, म्हणजे सीडीसी, लसीकरणाच्या निर्णयांचे संगणकाला कळेल असे तर्कनियम प्रसिद्ध करते आणि शिफारस बदलली की तेही बदलते. ते वापरले असते तर २००८ चा नियम २०२४ पर्यंत जिवंत राहिला नसता.

डोस फार्मसीत का गेला

बाईंनी २०१८ मध्ये आपल्याच दवाखान्यात लस का घेतली नाही? कारण वैद्यकीय नव्हते, विम्याचे होते. मेडिकेअरमध्ये फ्लू आणि न्यूमोकोकसच्या लसी भाग ‘बी’ मध्ये येतात. डॉक्टरांच्या सेवांचे बिल ज्यातून होते तोच हा भाग. शिंग्रिक्स मात्र भाग ‘डी’ मध्ये, म्हणजे औषधांच्या विम्यात. फार्मसीची यंत्रणा भाग ‘डी’ शी जोडलेली असते, दवाखान्याची सहसा नसते. त्यामुळे डॉक्टर लस सुचवतात, माणूस फार्मसीत जातो, डोस तिथे पडतो आणि नोंदही तिथेच. तेव्हा काउंटरवर खिशातून पैसेही द्यावे लागत आणि रक्कम योजनेप्रमाणे बदलत असे. २०२२ च्या महागाई कपात कायद्याने १ जानेवारी २०२३ पासून ही झळ संपली. भाग ‘डी’ मधल्या शिफारस झालेल्या लसींसाठी ज्येष्ठांना काहीच द्यावे लागत नाही. पैशाचा अडथळा गेला, नोंदींची फाटाफूट राहिली.

ती जोडण्याचे साधन आहे राज्याची नोंदवही. फार्मसी तिथे डोस कळवते, दवाखान्याचा संगणक एचएल-सेव्हन २.५.१ या ठरलेल्या संदेशरूपात विचारणा करतो, नोंदवही उत्तर पाठवते. कागदावर हे फार सुरेख दिसते. आपल्या दवाखान्यात विचारणा २०१८ नंतरही रोज होत होती आणि उत्तरेही येत होती. ती ‘पडताळणीसाठी बाहेरील नोंदी’ अशा एका कप्प्यात पडत. कोणीतरी कप्पा उघडून ‘स्वीकारा’ म्हटल्याशिवाय डोस रुग्णाच्या मुख्य नोंदीत जात नसे, आणि ते कोणाचे काम हे ठरलेलेच नव्हते. डॉक्टरांना वाटे नर्स करतात, नर्सना वाटे संगणक आपोआप करतो. बाईंचा २०१८ चा डोस तिथेच पडून होता.

सगळ्यांचेच उत्तर येते असेही नाही. जुळणी नाव, जन्मतारीख, पत्ता, फोन यांवर होते. लग्नानंतर बदललेले आडनाव, फार्मसीत सांगितलेले लाडके छोटे नाव, जुना पत्ता, यांतले काहीही असले की माणूस नोंदवहीत असूनही सापडत नाही. शिवाय अमेरिकेत नोंदवह्या राज्यांच्या आहेत, सगळ्या देशाची अशी एक नाही. हिवाळा फ्लोरिडात काढणाऱ्या निवृत्त माणसाचा दुसरा डोस तिकडे झाला, तर घरच्या राज्यात तो अर्धवटच दिसतो. मुलांच्या बाबतीत या नोंदवह्या बऱ्याच भरलेल्या असतात, प्रौढांच्या बाबतीत विरळ.

टक्का घसरला

नियम दुसऱ्यांदा सुधारला : फक्त १८७, दोन डोस, मध्ये किमान चार आठवडे. (शिफारस २ ते ६ महिन्यांची आहे, पण चार आठवड्यांच्या आत दिलेला दुसरा डोस धरत नाहीत, म्हणून मोजणीची मर्यादा ती.) बाहेरच्या नोंदींचा कप्पा नर्सच्या आठवड्याच्या कामात बांधला. आणि दवाखान्याच्या फलकावरचा नागीण लसीकरणाचा टक्का एका रात्रीत कोसळला. व्यवस्थापनात खळबळ. हा क्षण अशा प्रत्येक प्रकल्पात येतो आणि तिथेच पुष्कळ प्रकल्प मागे फिरतात, कारण चांगला दिसणारा आकडा सोडून देणे कोणालाच नको असते. व्यवस्थापनाला हे आधीच सांगून ठेवावे : सुधारणेची पहिली खूण म्हणजे आकडा पडणे. तो पडला नाही, तर नियम सुधारलाच नाही असा संशय घ्यावा.

राष्ट्रीय आकडेही याच नजरेने वाचायला हवेत. २०१८ च्या राष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षणात ६० वर्षांवरच्या ३४.५ टक्के लोकांनी नागिणीची लस कधी ना कधी घेतल्याचे सांगितले. ‘सांगितले’ आणि ‘कधी ना कधी’, दोन्ही शब्द आपल्या ओळखीचे आहेत. सर्वेक्षणातले उत्तर म्हणजे एका अर्थी १८८ च. त्याच पाहणीत गोऱ्यांत प्रमाण ३८.६ टक्के, कृष्णवर्णीयांत १८.८ आणि हिस्पॅनिकांत १९.५ होते. संपर्काची पद्धत ठरवताना ही दरी डोळ्यांपुढे हवी. रुग्ण-पोर्टलवरून, म्हणजे रुग्णाच्या दवाखान्यातल्या ऑनलाइन खात्यावरून, संदेश पाठवणे सगळ्यात स्वस्त, पण पोर्टल वापरणारा ज्येष्ठ बहुधा आधीच काळजी घेणारा असतो. फक्त पोर्टलवर भिस्त ठेवली तर टक्का वाढेल आणि दरीही वाढेल. ज्यांचे पोर्टल सुरूच नाही, त्यांना पत्र आणि फोन हवाच.

इशारा कोणाला द्यायचा

बहुतेक दवाखान्यांना संगणकीय नोंदींचा पहिला उपयोग सुचतो तो डॉक्टरांच्या पडद्यावर उडी मारणारा इशारा. मला तो सगळ्यात दुबळा वाटतो. मधुमेह, रक्तदाब, गुडघे, झोप आणि बारा गोळ्या घेऊन आलेल्या ७७ वर्षांच्या बाईंसमोर डॉक्टरांकडे काही मिनिटे असतात. त्यांत दहावा इशारा आला की बोट आपोआप ‘बंद करा’ वर जाते. लसीची वेळ झाली हे ठरवायला डॉक्टर लागतच नाही. स्थायी आदेश, म्हणजे पात्र रुग्णांना लस द्यावी असा डॉक्टरांनी आधीच देऊन ठेवलेला आदेश, असला की नर्स पात्रता तपासून स्वतः लस देऊ शकते किंवा रुग्णाला फार्मसीकडे पाठवू शकते. म्हणून इशारा नर्सकडे वळवला, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे दवाखान्यात न येणाऱ्यांची यादी काढली. जो आलाच नाही त्याच्यासाठी कुठलाच पडदा उघडत नाही. स्मरणपत्रे आणि फोन यांचा परिणाम तपासलेला आहे. वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यात, सगळ्या वयांच्या आणि लसींच्या चाचण्या मिळून, त्यांनी लसीकरण सरासरी ८ टक्के-बिंदूंनी वाढल्याचे दिसले. जादू नाही, पण खर्चाच्या मानाने पुष्कळ.

यादीत आधी कोणाला घ्यायचे? एक डोस झालेल्यांना. त्यांना पटवायची गरज नसते, एकदा दंड पुढे केलेलाच असतो. बाई या गटात वर होत्या.

फोनवर नर्सला कळले ते कोणत्याच रकान्यात नव्हते. पहिल्या डोसनंतर दोन दिवस ताप, अंगदुखी. तरी त्या दुसऱ्या डोससाठी फार्मसीत गेल्या होत्या, पण लस संपली होती. २०१८-१९ मध्ये मागणी इतकी वाढली होती की शिंग्रिक्सचा देशभर तुटवडा होता. पुन्हा या म्हणाले, त्या गेल्या नाहीत. मग इतका काळ लोटला की आता पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल असे त्यांनी गृहीत धरले, आणि तो ताप दोनदा सोसायची त्यांची तयारी नव्हती.

इथे माहिती उपयोगी पडली. अंतर कितीही पडले तरी पहिला डोस वाया जात नाही, फक्त दुसरा घ्यायचा. दैनंदिन कामात अडथळा येईल इतका त्रास चाचण्यांत साधारण सहांतल्या एकाला झाला होता आणि तो दोन-तीन दिवसांत ओसरतो. पहिल्या डोसनंतर ताप आला म्हणून दुसरा टाळायचे कारण नाही. लसीतल्या घटकाची तीव्र ॲलर्जी असती तर गोष्ट वेगळी. बाईंनी गियाँ-बारे या मज्जातंतूंच्या दुर्मीळ आजाराबद्दल विचारले, कुठेतरी वाचले होते. तेही नर्सने दडवले नाही. २०२१ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने तशी सूचना लसीच्या माहितीपत्रकात घालायला लावली आणि पासष्टीपुढच्यांत दर १० लाख डोसांमागे सुमारे ३ जादा रुग्णांचा अंदाज दिला. बाई म्हणाल्या, पुढच्या दोन दिवसांत काही ठरलेले नसेल असा वार बघून जाते.

या संभाषणानंतर दवाखान्याने नोंदीत ‘का नाही’ असा रकाना वाढवला : साठा नव्हता, त्रास झाला, खर्च, आत्ता नको, कधीच नको. आधी यांतले काहीही असो, एकच ‘नकार’ टिपला जाई आणि माणूस यादीतून कायमचा बाहेर पडे. आता ‘आत्ता नको’ ला सहा महिन्यांची मुदत आहे. ‘खर्च’ असे कारण २०२३ पूर्वीचे असेल, तर ते मेडिकेअरवाल्यांपुरते रद्द होऊन नाव यादीत परत येते.

वयाचा नियम एवढ्यावर पुरत नाही, हे मात्र नोंदवायला हवे. ऑक्टोबर २०२१ मध्ये समितीने प्रतिकारशक्ती दबलेल्या १९ वर्षांवरच्या सगळ्यांना शिंग्रिक्सची शिफारस केली आणि त्यांच्यासाठी गरजेप्रमाणे डोसांमधले अंतर १ ते २ महिन्यांवर आणण्याची मुभा दिली. संधिवातासाठी जेक-रोधक, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या, गोळ्या सुरू होणाऱ्या ज्येष्ठाला हे लागू पडते. त्या गोळ्यांनी नागिणीचा धोका वाढतो, म्हणून डोस शक्यतो उपचाराआधी व्हावेत. औषधांची यादी त्याच संगणकात असते. ती लसीच्या नियमाला जोडलेली नसली तर ही संधी हुकते.

बाईंनी दुसरा डोस फार्मसीत घेतला आणि दवाखान्यात फोन करून सांगितलेही. फोन घेणाऱ्याने उत्साहाने १८७ ची नोंद केली, तारीख त्या दिवसाची. दोन दिवसांनी राज्याच्या नोंदवहीतून फार्मसीची नोंद आली, पुन्हा १८७, तारीख फोनच्या आदल्या दिवसाची. म्हणजे २०१८ चा एक, २०२४ चे दोन. आता संगणक हे दोन वेगळे डोस मानत नाही. चार आठवड्यांच्या आतल्या दोन १८७ दिसल्या की तो त्या समोरासमोर ठेवून नर्सला विचारतो. नर्सने लॉट क्रमांक असलेली फार्मसीची नोंद ठेवली आणि फोनवरची ‘तोंडी माहिती’ म्हणून बाजूला केली. फोनवर कोणी लस सांगितली तर डोसची नोंद करायची नाही, नोंदवहीकडे विचारणा पाठवायची, असे त्यानंतर ठरले. नोंदवहीत न सापडणाऱ्या जुन्या १८८ ची यादी अजून लांब आहे. नर्स एकेक फार्मसीला फोन लावून ती तपासते आहे.